नेटला फॅट लावा

धाराशिवच्या बसस्थानकामागं एका पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. तेव्हा जिन्याशी 'घरोघरी हायस्पीड इंटरनेट' अशी पाटी होती. वर तीन टेबलं, एक कूलर आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली केबलची वेटोळी. मधलं टेबल माझं, तक्रारींचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला एकच वाक्य शिकवलं गेलं: "राउटर बंद करा आणि पाच मिनिटांनी चालू करा." तक्रार कसलीही असो, आधी हे वाक्य. पुष्कळदा त्यानं खरोखर काम व्हायचं, हे प्रामाणिकपणे सांगते. पण नाही झालं तरी पाच मिनिटं मिळायची आणि तेवढ्यात समोरच्याचा राग जरा निवायचा. त्या वाक्याचा खरा उपयोग तोच होता.

तक्रारींत गमतीही असत. येरमाळ्याला हायवेवर एक धाबेवाले होते. त्यांचं नेट कायम 'गायब' असायचं. आमचा जोडणीवाला जाऊन बघून आला, तर वायर ठीक, राउटरच्या पेटीचा दिवा हिरवा. मग कळलं, शेजारच्या पंक्चरवाल्यानं वाय-फाय 'ओढू' नये म्हणून एरवी ते राउटर लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप लावत. मी म्हटलं, "काका, कपाटातून सिग्नल बाहेर येत नाही."

ते म्हणाले, "मग त्याच्याकडं कसा जातोय?"

त्याच्याकडंही जात नव्हता. पण तो फुकट वापरत नाही, या समाधानावर काका दर महिन्याला बिल भरत होते.

तुळजापूरच्या एका लॉजवाल्यांचा फोन घट बसायच्या आठवडाभर आधी हमखास यायचा. "ताई, भाविक आता आधी वाय-फाय विचारतोय, मग गरम पाणी. तुमी मला देवीसमोर खोटं पाडू नका." सगळ्या लॉजला मिळून त्यांचं एकच कनेक्शन होतं. ते सांगायला गेलं की म्हणायचे, "मग देवी तरी सगळ्यांना मिळून एकच हाय की."

या फोनांवर हसून झालं की उरलेले सगळे फोन एकाच गोष्टीचे असत. पैसे पुरे घेता, मग नेट अर्धं का?

इथं मला माझ्या घराबद्दल थोडं सांगावं लागेल. माझे वडील छापखान्यात कामाला होते. आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं ढिगानं. जयंतीची, मोर्चाची, गायरान जमिनीची, रखडलेल्या शिष्यवृत्तीची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं केली. पत्रकाची भाषा एकदा अंगात भिनली की निघत नाही. वडील म्हणायचे, पत्रकात तीन गोष्टी ठळक हव्यात: कोणाकडून हवं, काय हवं आणि कधीपर्यंत हवं.

आमच्या कंपनीचंही पत्रक होतं. गुळगुळीत कागद, हसरं कुटुंब, मध्ये भला मोठा 'शंभर'चा आकडा, म्हणजे शंभर एमबीपीएस वेग. त्या आकड्याच्या पायाशी, मुंगीएवढ्या टायपात एक शब्द होता: 'पर्यंत'. वडिलांच्या पत्रकातला 'पर्यंत' समोरच्याला बांधून घालायला यायचा. कंपनीच्या पत्रकातला तोच शब्द स्वतःला मोकळं करून घ्यायला आला होता. शंभरपर्यंत म्हणजे नव्वदही, दहाही आणि काही नाहीच आलं तर तेही. वेगाला 'पर्यंत' होतं. बिलाला मात्र नव्हतं. बिल पुरतं सहाशे, वर कर. एवढ्याच पैशात पुण्यात काय वेग मिळतो हे आमच्या ग्राहकांची पोरं तिथून फोन करून आईबापांना सांगत आणि आईबाप मला सांगत.

आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. एका मोठ्या कंपनीकडून ते एक मोठी लाइन घ्यायचे आणि ती गावोगाव वाटायचे. अण्णा वाईट माणूस नव्हते. केबल टीव्हीच्या काळात ते स्वतः खांबावर चढलेले. पावसात वायर तुटली तर पोरांच्या आधी जागेवर हजर. मी त्यांना विचारलं, की हा शब्द एवढा बारीक का? ते म्हणाले, "मोठा केला तर वाचतील की."

या धंद्यातली आतली गोष्ट अगदी साधी आहे. गावात एक जाड नळ येतो. त्याला तोट्या जोडायच्या. दहा घरांना पुरेल अशा नळाला चाळीस तोट्या जोडल्या तरी दिवसा कुणाला कळत नाही, कारण सगळे एकदम पाणी भरत नाहीत. संध्याकाळी सगळे तोट्या सोडतात आणि मग प्रत्येकाच्या घागरीत करंगळीएवढी धार. नळ मोठा करायला पैसे लागतात. तोटी जोडायला काही लागत नाही. म्हणून तोट्या वाढतात, नळ तेवढाच राहतो आणि उरलेलं काम 'पर्यंत' करतो.

ही नळाची गोष्ट ग्राहकाला सांगायची नाही, असा ऑफिसचा नियम होता. मी ती एका ग्राहकाला सांगितली.

रंजनाताई माकणीत सेवा केंद्र चालवतात. दाखले, अर्ज, पीकविमा, वीजबिल, सगळं ऑनलाइन. अंगणवाडीतलं मदतनिसाचं काम सोडून त्यांनी हे केंद्र काढलं होतं, घरच्यांच्या मनाविरुद्ध. नेट बसलं की लोक लोहाऱ्याला जायचे. एकदा गेलेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. वर्षाअखेरीस निराधार योजनेच्या म्हाताऱ्या माणसांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मशीनवर अंगठा ठेवायचा, अंगठा पटला की माणूस जिवंत. अंगठा पटेपर्यंत नेट टिकलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्यात खुरपून खुरपून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या.

एके संध्याकाळी रंजनाताईंचा फोन आला. मी माझं वाक्य सुरू केलं, तेवढ्यात त्यांच्या हातातून कुणीतरी फोन घेतला. म्हातारा, खणखणीत आवाज.

"पोरी, सकाळधरनं बसलेय हितं. म्या जित्ती हाय का मेले ते एकदा तुझ्या मशिनीला इचारून सांग. मेली आसंल तर घरी जाऊन पडती."

मागं हशा पिकला. मीही हसले. मग फोन रंजनाताईंकडं परत गेला, त्या हसत नव्हत्या. "मॅडम, बंद करून चालू करा, एवढं सोडून दुसरं काय आसंल तर सांगा. मला कळायला पायजे. केंद्र चालवू का गुंडाळू, ते ठरवायचंय."

तेव्हा मी त्यांना नळाची आणि तोट्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजी सगळ्यात खरा आकडा संध्याकाळचा?"

"हो."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

माकणीत संध्याकाळी सगळं गाव एका जागी भेटतं ते दूध संकलन केंद्रावर. तिथले सचिव दिगंबरमामा. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मशीनमध्ये घालायचा, फॅट किती ते बघायचं आणि फॅटप्रमाणे भाव द्यायचा, हे त्यांचं रोजचं काम. फॅट एका टिंबानं कमी आली तरी माणसं हुज्जत घालतात. त्या दिवसापासून रंजनाताई दूध घालायच्या वेळी लॅपटॉप घेऊन डेअरीत जायला लागल्या. तिथल्या नेटच्या पेटीला वायर लावून वेग मोजायच्या आणि दिगंबरमामा तो आकडा फळ्यावर लिहायचे. वर 'गाय', त्याखाली 'म्हैस', त्याखाली 'नेट'. अकरा. नऊ. चौदा. एकदा दोन. गावात लोक एकमेकांना विचारायला लागले, "आज नेट कितीनं लागलं?"

महिनाअखेरीस बिलं भरायची वेळ आली आणि माकणीतून कुणीच भरलं नाही. निरोप आला, अण्णांनी यावं, बोलायचंय. अण्णांनी मलाही जीपमध्ये घेतलं. म्हणाले, "तू गोड बोलतीस, चल."

डेअरीपुढं माणसं जमली होती. बायकाही होत्या, दूध घालून थांबलेल्या. चहा आला. अण्णांनी फळा वाचला. मग खिशातून पत्रक काढून त्यांनी 'पर्यंत'वर बोट ठेवलं. "हे बघा, आपण शंभरपर्यंतच म्हणलंय. खोटं कायी बोललो न्हाय."

दिगंबरमामा म्हणाले, "खरंय. पण अण्णा, आमी कवा डेअरीला म्हणलं का, सात फॅटपर्यंत दूध हाय, सातचा भाव द्या?"

"दूध येगळं, नेट येगळं."

"का? दोनी पाणी घालूनच येत्यात की."

लोक हसले. अण्णाही हसले, कारण टोला खरा होता. मग एक जण म्हणाला, "आमचं म्हणणं लई न्हाय. नेटला फॅट लावा. जेवढं येतंय तेवढ्याचे पैसे."

अण्णा गंभीर झाले. "मोबाईलवर मोजलं आसंल. वाय-फायवर कमीच दिसतं."

"वायर लावून मोजलंय," रंजनाताई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी, सगळ्या तोट्या चालू आसताना."

तो शब्द ऐकून अण्णांनी मान वळवली. "तोट्या? हे तोटीचं तुमाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी सांगितलं."

अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं. गावाकडं वळून म्हणाले, "ठीक हाय. पटत नसंल तर बंद करा. जबरदस्ती न्हाय. पर माझ्याबिगर हितं दुसरा कोण देतोय ते सांगा."

दुसरा कुणी नव्हताच.

मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. 'एकजुटीनं लढा' हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा वाचले असतील याची गणती नाही. पण पत्रकात कधी लिहिलेलं नसतं की त्या एकजुटीत सगळ्यांचं नुकसान सारखं होत नाही. डेअरीपुढं उभ्या असलेल्या बहुतेकांचं नेट गेलं तर क्रिकेट जाणार होतं, मालिका जाणार होत्या, कुणाच्या पोराचा क्लास जाणार होता. रंजनाताईंचं सगळंच जाणार होतं, तेही दाखल्यांच्या ऐन हंगामात. म्हणून सगळे कुठंतरी भलतीकडंच बघत होते. त्यांच्याकडं बघायचं कुणाला धाडस होईना.

रंजनाताई उठून समोरच्या आपल्या सेवा केंद्रात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात त्यांची पेटी होती, वायर गुंडाळलेली. अण्णांच्या जीपच्या बॉनेटवर ती ठेवली.

"माझी पयली घ्या."

त्यांचा नवरा गर्दीत होता. तो म्हणाला, "तुझंच केंद्र, आन् तूच वायर उपटतीस व्हय गं?" दिगंबरमामांनी डेअरीची पेटी काढून आणली. मग लोक घराकडं पांगले आणि हातात पेट्या घेऊन एकेक परत यायला लागले. अण्णा म्हणाले, "आरं, आसं न्हाय काढायचं, बटण तरी बंद करा आधी." पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. दुधाच्या एका रिकाम्या क्रेटमध्ये पेट्या भरून ते क्रेट जीपमध्ये ठेवलं गेलं.

परत येताना मी नोकरी गेली असं धरून चालले होते. लोहारा मागं पडल्यावर अण्णा म्हणाले, "मलाबी वरून पर्यंतच मिळतंय, तुला म्हाईत हाय. मी कुणापुढं फळा लावू?"

मी म्हटलं, "ते माकणीला सांगायचं होतं."

"तिथं सांगून इज्जत घालवू का?"

पुढचे दिवस माझ्या टेबलावरून माकणी नाहीशी झाली. तक्रारी कमी झाल्या म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. रंजनाताईंची खबर कळत राहायची. गावालगतच्या धरणाच्या भिंतीकडं मोबाईलला रेंज बरी होती, म्हणून त्या लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन तिथं बसायला लागल्या. दुधाच्या टेम्पोतून म्हाताऱ्या बायकांना तिकडं नेत. "जित्ती हाय का बघायला धरणावर चालवलंय मला," असं एक आजी सगळ्यांना सांगायची म्हणे. ऐकायला मजेशीर आहे. पण गुडघे दुखणारी माणसं टेम्पोत चढत नव्हती, ती लोहाऱ्याला जात होती. ज्यांना दाखल्याची निकड होती त्यांनी रंजनाताईंना बोलही लावले. ज्यांच्या क्रिकेटसाठी हे चाललं होतं ते लोक त्या वेळी तिथं नव्हते. मी एकदा फोन करून विचारलं, "ताई, पस्तावा होतोय का?"

"होतोय की," त्या म्हणाल्या. "रोज होतोय. पर आता परत जोडलं तरी पस्तावा काय थांबणार हाय?"

एक ग्राहक गेला की अण्णा म्हणायचे, एक गेला, दोन येतील. ते खरंच होतं. एकट्या ग्राहकाची ताकद म्हणजे आमच्या ऑफिसात एक विनोद होता. पण सबंध गाव गेलं आणि खांबांचं भाडं, लाइनची देखभाल तशीच राहिली. त्यात दूध टेम्पोनं फिरतं, तशी गोष्टही फिरते. शेजारच्या दोन गावांतल्या डेअऱ्यांच्या फळ्यांवर 'म्हैस'च्या खाली तिसरी ओळ दिसायला लागली. तिथून मला फोन यायचे. पूर्वी लोक विचारायचे, नेट कधी येईल? आता विचारत, "आमच्या गावाला नळ केवढा हाय, आन् तोट्या किती?" या प्रश्नाला माझ्याकडं पाठ केलेलं वाक्य नव्हतं. मी खरं उत्तर द्यायचे. अण्णा पलीकडच्या टेबलावरून ऐकायचे, पण अडवायचे नाहीत.

एका सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले. "त्या बाईला फोन लाव. आन् तू ते पत्रकाचं शिकलेली हायस ना, दोन ओळी लिही. किमान पन्नास. त्याच्या खाली गेलं तर त्या दिवसाचे पैसे घ्यायचे न्हाईत." मी लिहून दाखवलं. 'किमान' मी आकड्याएवढ्याच टायपात घेतलं होतं. त्यांनी ते निरखलं. म्हणाले, "लई महाग शब्द हाय हा." पण बारीक करायला सांगितलं नाही.

मी ते रंजनाताईंना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "पेट्या घेऊन संध्याकाळीच या. दुपारी नको."

आम्ही दूध घालायच्या वेळी पोचलो. जोडणीवाला पेटी घेऊन आधी सेवा केंद्राकडं वळला, तशा रंजनाताई आडव्या आल्या.

"माझी शेवटी लावा."

अण्णा म्हणाले, "अहो, तुमचं सगळ्यात जास्त अडलंय."

"म्हणूनच. पयली लावली तर शंभरबी दिसतील. सगळ्यांच्या लागू द्यात, सगळ्यांची चालू होऊ द्यात. मग माझ्यावर जे येईल ते खरं."

म्हणून घरोघरच्या पेट्या आधी लागल्या. गाव इतक्या दिवसांचं उपाशी होतं, प्रत्येक घरात कुणीतरी काहीतरी लावून बसलं. दिवेलागणीला केंद्रातली पेटी लागली. रंजनाताईंनी वायर जोडली. दारात गर्दी झाली. काटा चढला, थरथरला आणि एकेचाळीसवर थांबला.

मी ते काम जाणत होते. एकेचाळीसवर अंगठा एका दमात पटतो. त्यांचं केंद्र सुखानं चाललं असतं. मागून कुणीतरी म्हणालंही, "लई झालं की, ताई. आधी दोन होतं."

रंजनाताई पडद्याकडं बघत होत्या. नवरा या खेपेला त्यांच्या मागं उभा होता.

"माझं भागतंय एवढ्यावर," त्या म्हणाल्या. "पर ठरलंय ते पन्नास. अण्णा, कमी हाय."

अण्णांनी पुन्हा मोजायला लावलं. एकेचाळीस. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली, मग फोन काढला आणि दारातून बाहेर डेअरीपुढच्या मोकळ्या जागेत गेले. लोक त्यांच्या मागं गेले. ज्या मोठ्या कंपनीकडून ते लाइन घेत तिचा नंबर त्यांनी लावला. पलीकडून बटणं दाबायला सांगत होते, ते दाबत राहिले. बऱ्याच वेळानं माणसाचा आवाज आला.

"माकणीतून बोलतोय," अण्णा म्हणाले. "नाही हो, डीलर म्हणून नाही. ग्राहक बोलतोय. मी तुमच्याकडून जे विकत घेतो ते पूर्ण येत नाही. मोजलंय. वायर लावून मोजलंय."

पलीकडून त्यांना थांबायला सांगितलं गेलं आणि फोनमध्ये गाण्याची धून वाजायला लागली. अण्णा फोन कानाला लावून उभे राहिले. गाव त्यांच्याभोवती उभं होतं, कुणी घराकडं जाईना. धून संपली आणि पुन्हा सुरू झाली.

दिगंबरमामांनी दुधाचं एक क्रेट ओढून त्यांच्याजवळ पालथं घातलं.

"बसा अण्णा," ते म्हणाले. "तिथं येळ लागतो."